विरत चाललेली चादर

आमच्या शेलारला थंडी पडली की नाही, हे आम्ही बायका खोबरेल तेलाच्या बाटलीवरून ठरवतो. तेल गोठलं म्हणजे थंडी आली! माझ्या लहानपणी आई बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवायची आणि तेल पातळ झालं की मगच आम्हा बहिणींच्या वेण्या व्हायच्या. अलीकडे मात्र हिवाळ्यात एखाद्याच पहाटे बाटलीत पांढरे कण दिसतात, आणि डबे भरून होईतो ते विरघळलेलेही असतात. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं, असं आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई सांगतात. म्हणजे आमची थंडी ती केवढी, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

भिवंडीहून वाड्याकडे निघालं की नदीनाक्याच्या पुलापलीकडे आमचं शेलार. दिवसरात्र यंत्रमागांची खडखड, सायझिंगची धुराडी, कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेले टेम्पो, आणि गावाला लागून वाहणारी कामवारी नदी. पावसाळ्यात ती नाक्यापर्यंत चढून येते, उन्हाळ्यात तिच्या पाण्यावर कधी निळी तर कधी तांबूस झाक असते. पण काही झालं तरी ती वाहती नदी. तिच्यावरून कुणी चालत पलीकडे गेलंय, असं कुणी ऐकलेलं नाही. अशा गावची मी बाई, दोन मुलांची आई, सकाळच्या वेळात शाळेत मराठी आणि भूगोल शिकवणारी. ती मी गोठलेल्या नदीवर चालायला गेले!

निघण्याआधीची गडबड

ही सगळी करणी माझ्या धाकट्या भावाची. तो ठाण्याला असतो नि सह्याद्रीतले किल्ले पालथे घालणं हा त्याचा धंदा नसला तरी धर्म आहे. लडाखमधली झंस्कार नदी हिवाळ्यात गोठते, तिला 'चादर' म्हणतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत तिच्यावरून चालत जाता येतं, हे त्याने दोन वर्षं माझ्या कानाशी लावून धरलं. शेवटी एकदा म्हणाला, "ताई, ही चादर फार वर्षं टिकायची नाही. जायचं तर आताच चल." कापडाच्या गावात राहणाऱ्या बाईला चादर विरते म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा सुताचा लहानसा व्यापार. जानेवारीत बाजार मंदच होता. "तू जात असशील तर मीही येतो, एकटीला थोडंच पाठवतोय!" असं म्हणून त्यांनी होकार दिला खरा, पण स्वतःलाही जायचं होतं, हे मी ओळखून होते.

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. मुलांना सांभाळायला त्या लगेच तयार झाल्या, पण एका गोष्टीवर अडल्या. "संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून जा. आणि रथसप्तमीला तू घरात नसणार, हे काही मला बरं वाटत नाही." ते साल २०२३चं. संक्रांत १५ जानेवारीला होती नि रथसप्तमी २८ला. म्हणजे आमची रथसप्तमी नेमकी बर्फावर येत होती. मी त्यांना म्हटलं, "आई, सूर्य तिथेही उगवतोच की! मी तिथे दूध ऊतू घालीन." त्या हसल्या, आणि तिळगुळाचा डबा त्यांनी स्वतःच्या हाताने भरून दिला. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, तेव्हा तो वाया जाणार नव्हता.

बॅग भरताना मात्र माझी संसारी बुद्धी पार हरली. सुती काही घ्यायचं नाही, असं भावाने बजावलं. घाम आला की सूत ओलं होतं, ओलं राहतं आणि त्या थंडीत ओलं कापड म्हणजे आजाराला आमंत्रण. भिवंडीच्या बाईने सूत घरी ठेवून निघायचं! लोकरीचे मोजे, आतले थर्मल कपडे, वर जाकीट, कानटोपी, दोन-दोन हातमोजे असं सगळं जमवलं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि सुक्या भाकऱ्या मात्र मी कुणाचं न ऐकता घेतल्याच.

लेहमधली आमा-ले

दिल्लीहून विमानाने लेहला उतरलो, तेव्हा सकाळचं ऊन पडलं होतं आणि तरीही नाकातला श्वास गोठत होता. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हवा विरळ. दहा पावलं चाललं तरी धाप लागते. म्हणून चादरीवर जाण्याआधी तिथे तीन दिवस मुक्काम करून शरीराला सवय लावावी लागते आणि रक्तदाब, रक्तातला प्राणवायू यांची वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. हा नियम मला फार आवडला. आपल्याकडे बायका स्वतःची तपासणी कधी करतात? माझी मी कित्येक वर्षांत केली नव्हती!

आम्ही एका घरात पाहुणे म्हणून उतरलो होतो. घरमालकीण साठीच्या घरात, मूळची झंस्कारची. सगळे तिला 'आमा-ले' म्हणत. आमा म्हणजे आई आणि 'ले' म्हणजे आपलं 'जी' किंवा 'बाई'. मध्ये लोखंडी बुखारी पेटलेली, तिच्यावर चहाची किटली, आणि भिंतीला घासूनपुसून मांडलेली तांब्यापितळेची भांडी. ते फडताळ बघून मला तर माहेरी आल्यासारखंच वाटलं. तिने लोणी आणि मीठ घातलेला गुरगुर चहा दिला. पहिला घोट कसाबसा गिळला. चहा म्हणून नव्हे, कढण म्हणून प्यायला तेव्हा आवडला. त्यात भाजलेल्या जवाचं पीठ कालवून खातात, त्याला त्संपा म्हणतात. जव म्हणजे आपले सातू. मी मेतकुटाचा डबा पुढे केला, तिने चिमूटभर चाखलं आणि मान डोलावली. भाषा मोडक्या हिंदीची, पण दोन स्वयंपाकघरांची ओळख व्हायला तेवढी पुरते.

चादर म्हणजे आम्हाला साहस. तिच्यासाठी ती गावाची वाट होती. झंस्कारच्या खोऱ्याला बाहेर जायला उंच घाट आहेत. पेन्सी ला हा घाट चव्वेचाळीसशे मीटरचा, आणि हिवाळ्यात तो बर्फाने बंद. मग खोऱ्यातून लेहकडे यायला एकच वाट उरायची, ती म्हणजे गोठलेली नदी. माणसं पाठीवर लोणी घेऊन यायची, ते विकून चहा, मीठ, भांडी घेऊन परतायची. रात्री गुहेत झोपायची. पुढे लेहच्या शाळांत मुलांना घालायची सोय झाली, तेव्हा बाप आपल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला बोटाला धरून, अवघड जागी पाठीवर घेऊन ह्याच बर्फावरून शाळेत पोचवायचा.

"माझा भाऊ असाच आला," आमा-ले म्हणाली. "आई दारात उभी होती. पोचल्याचा निरोप कळायला महिना गेला. तो महिनाभर तिने रोज सकाळी नदीकडे बघितलं."

शाळेत मूल दहा मिनिटं उशिरा आलं तर घरी फोन करणारी मी. मला काही बोलवेना.

नदी गोठते कशी?

निमूला झंस्कार नदी सिंधूला मिळते. तिथून तांबट कारागिरांच्या चिलिंग गावावरून गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि आम्ही नदीत उतरलो. हो, नदीत! दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेले तांबडे-करडे कडे आणि मध्ये ही शुभ्र पट्टी. पहिलं पाऊल टाकलं आणि दुसऱ्या पावलाला मी बसले! आमचा वाटाड्या पन्नाशीचा झंस्कारी माणूस. आम्ही त्याला 'अचो-ले' म्हणजे दादा म्हणायचो. त्याने हात दिला आणि म्हणाला, "दीदी, पाय उचलायचा नाही, सरकवायचा." सारवलेल्या ओल्या जमिनीवरून आपण चालतो ना, तस्संच. मग जमलं.

अचो-लेच्या हातात एक काठी. प्रत्येक नव्या तुकड्यावर तो ती आपटून आवाज ऐकायचा. आपण माठ घेताना वाजवून बघतो, तशीच परीक्षा. आवाज भरीव आला तर पुढे, पोकळ आला तर कडेकडेने. त्याच्याबरोबर चालताना नदी गोठते कशी हे मला पहिल्यांदा समजलं. इतकी वर्षं भूगोल शिकवते, पण शाळेच्या पुस्तकात हे नव्हतं!

वाहतं पाणी पातेल्यातल्या पाण्यासारखं एकसंध गोठत नाही. आधी थंड पाण्यात बर्फाचा बारीक भुगा तयार होतो, लापशीसारखा. तो एकमेकांना चिकटून त्याच्या चकत्या होतात. त्या तरंगत वळणावर किंवा अरुंद जागी अडकतात, आणि काठाकाठाने आधीच धरलेल्या बर्फाला जुळतात. असं जुळता जुळता चादर तयार होते. पण तिच्याखाली नदी वाहतच असते. बर्फाला कान लावला तर ती ऐकू येते.

ह्यासाठी लागते ती सलग आणि कोरडी थंडी. रात्री आभाळ निरभ्र हवं, म्हणजे दिवसाची ऊब वर निघून जाते. ढग आले की ते पांघरुणाचं काम करतात, रात्र उबदार होते आणि बर्फ वाढत नाही. मला वाटायचं, बर्फ पडला की चादर जाड होईल. झालं उलटंच! अचो-ले म्हणाला, चादरीवर भुसभुशीत बर्फ पडला तर तो गोधडीसारखा तिला थंडीपासूनच राखतो. खालची चादर पातळ राहते आणि वरून दिसतही नाही. आणि वरच्या अंगाला ऊब वाढून चादर फुटली, तर तिचे तुकडे वाहत येऊन खाली कुठेतरी अडकतात, मागे पाणी तुंबतं आणि चादरीच्या डोक्यावरून वाहायला लागतं.

पहिली रात्र शिंगरा कोमाच्या तळावर काढली. अचो-लेच्या थर्मामीटरमध्ये पारा उणे १८. सकाळी बाटलीतलं पाणी दगड झालं होतं, आणि पिशवीत चुकून राहिलेली खोबरेल तेलाची छोटी बाटली तर टणक खडाच! मला शेलारची आठवण होऊन हसू आलं. दुसऱ्या दिवशी सरकत, आपटत, एकमेकांना हसत आम्ही टिबच्या गुहेपर्यंत पोचलो. तिसऱ्या दिवशी नेरक गाठायचं होतं. तिथे गोठलेला धबधबा आहे. त्याच्यासमोरचा फोटो काढून आणीन, असं मी वर्गातल्या मुलांना सांगून आले होते.

टिबला अडकलो

२६ जानेवारीला सकाळी आभाळ भरून आलेलं. अंगावर थंडी कमी वाटत होती. मला तर बरंच वाटलं! अचो-लेचा चेहरा मात्र उतरला होता. तासभर पुढे गेलो तर एका वळणावर चादर मध्येच संपलेली, काळंनिळं पाणी उघडं, आणि उरलेल्या बर्फावरून घोटाभर पाणी वाहत होतं. काठाने जायला कडा सरळ तुटलेला. परत टिबला आलो. दुपारी भुरभुर बर्फ सुरू झाला. रात्रभर लांबून धडाम धडाम आवाज येत होते. चादर फुटत होती. तंबूत पडल्या पडल्या मी मुलांची नावं घेत होते. २७ तारीखही तशीच गेली.

त्या दोन दिवसांत गुहेत आमच्या हमालांबरोबर बसून पुष्कळ ऐकायला मिळालं. हे सगळे झंस्कारचेच, आणि हे दोन महिने त्यांच्या कमाईचे. चादर उशिरा धरली की कमाईचे दिवस तेवढे कमी. जुनी माणसं डिसेंबरअखेर निर्धास्त नदीवर उतरायची, आता जानेवारी उजाडला तरी खात्री नसते, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी २०२०मध्ये असंच पाणी चढून चादर तुटली आणि नेरकच्या बाजूला अडकलेल्या शंभराहून अधिक माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं. सगळाच दोष हवेचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ३१ डिसेंबर २०१४ला झंस्कारची उपनदी असलेल्या त्सराप नदीवर डोंगर कोसळला, मागे तळं साचलं, म्हणून २०१५च्या जानेवारीत चादरीवरची वाट बंद ठेवावी लागली. ते तळं मे महिन्यात फुटलं आणि खालचे पूल घेऊन गेलं. शिवाय कड्याच्या पोटातून नवा रस्ता येत होता, त्याची खोदलेली रेघ आम्हाला डोक्यावर दिसत होती. एका वर्षीच्या ढगांवरून हवामान बदललं असं कुणी म्हणू नये, हे मलाही कळतं. पण वर्षामागून वर्ष तेच होऊ लागलं, तर त्याला योगायोग तरी कसं म्हणायचं?

बर्फावरची रथसप्तमी

२७च्या रात्री आभाळ उघडलं. पारा पुन्हा खाली गेला. सकाळी बाहेर येऊन बघतो तो काय, उघड्या पाण्यावर पुन्हा काचेसारखी चादर धरलेली! आमच्यात आनंदीआनंद झाला. आता नेरक! पण अचो-ले म्हणाला, "परत जायचं."

मग जे झालं ते सांगायला संकोच वाटतो, पण खरं तेच सांगते. आमच्यातले एक गृहस्थ चिडले. एवढे पैसे भरले, एवढ्या लांबून आलो, चादर समोर दिसते आहे, मग परत का? त्यांच्या सुरात सूर मिसळणारे तिघे होते, आणि त्यातली एक मी होते. वर्गातली मुलं, तो फोटो, शेजारणींना सांगितलेल्या गोष्टी असं सगळं मनात होतं. अचो-ले वाद घालत बसला नाही. नवीन चादरीवर चार पावलं गेला, काठी आपटली. आवाज पोकळ आला. दुसऱ्यांदा आपटली, तर काठीचं टोक आत गेलं आणि भोकातून पाणी वर आलं. "ही एका रात्रीची चादर," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी मला शाळेत नेलं तेव्हा असाच बर्फ बघून तीन दिवस ह्याच गुहेत थांबले होते. चादरीशी हट्ट करायचा नसतो." हे माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मुलं घरी आहेत." माझा हट्ट तिथेच संपला.

निघण्याआधी मी स्वयंपाक्याकडून दुधाची पावडर मागून घेतली, छोट्या पातेल्यात दूध केलं आणि स्टोव्हवर ठेवलं. घळईत ऊन यायला वेळ होता, पण समोरच्या कड्याचं टोक सोनेरी झालं होतं. त्या दिशेला हात जोडून दूध ऊतू जाऊ दिलं. नंतर सगळ्यांना तिळगूळ दिला. अचो-लेने विचारलं, ही कसली पूजा? मी सांगितलं, आज सूर्याचा दिवस, आजपासून त्याचा रथ पुढे निघतो नि ऊन वाढत जातं. तो मोठ्याने हसला. "दीदी, त्याला सांगा, झंस्कारकडे अजून तीन आठवडे सावकाश ये."

मीही हसले. पण परतीच्या वाटेवर, कडेकडेने, एके ठिकाणी गुडघाभर गार पाण्यातून आणि दोन ठिकाणी कड्याला हात धरून जाताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही ज्याला लवकर ये म्हणतो, त्याने थोडं थांबावं, असं मागणारी माणसंही ह्याच देशात राहतात.

चादर गेली तर चालेल, पाणी?

लेहला परतल्यावर मी आमा-लेला म्हटलं, "तुमची चादर विरत चालली, मला फार वाईट वाटलं." तर तिला मुळीच वाईट वाटलेलं नव्हतं! "रस्ता होतो आहे ना? होऊ दे. चादर आमच्या आयांना कधी आवडली? आजारी माणूस, बाळंतीण बाई, कुणालाही त्यावरून न्यावं लागायचं." मी गप्पच झाले. आम्ही पैसे देऊन ज्यावर चालायला जातो, त्यावरून चालावं लागू नये असं ती आयुष्यभर मागत आली होती. तो रस्ताही पुढे जोडला गेला. निमू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा सडक संघटनेने २५ मार्च २०२४ला दोन्ही बाजूंनी भिडवला. बातमी वाचली तेव्हा मला आमा-लेचीच आठवण झाली.

तिची काळजी वेगळी होती. ती म्हणाली, "चालायला रस्ता मिळेल. जवाला पाणी कोण देईल?"

हे समजायला थोडी आकडेमोड हवी. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर पाणी पडतं. तेवढं तर आमच्याकडे जुलैत एखाद्या दिवसात पडून नदीनाक्यावर रस्ता बंद होतो. लडाखची शेती पावसावर नाही, वर साठलेल्या बर्फावर चालते. हिवाळ्यात जमलेला बर्फ उन्हाळ्यात हळूहळू वितळतो, तेच पाणी पाटाने शेतात येतं. बर्फ म्हणजे त्यांची पाण्याची टाकीच. जी थंडी चादर घालते, तीच ही टाकी भरून ठेवते. झंस्कारमधल्या कुमिक गावाचा ओढा आटत गेला, आणि २०००च्या सुमारास गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून खाली नदीजवळच्या माळावर नवं गाव वसवायचं ठरवलं. तिथेही पाणी आणायला त्यांना स्वतः कालवा खणावा लागला.

माणसं हातपाय गाळून बसलेली नाहीत. लडाखचे निवृत्त अभियंते चेवांग नोर्फेल यांनी ओढ्याचं हिवाळी पाणी सावलीत बांध घालून अडवलं, गोठवलं आणि गावाच्या वरच्या अंगाला कृत्रिम हिमनद्या केल्या. त्यांना २०१५मध्ये पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी पुढे बर्फाचे स्तूप केले. वरच्या ओढ्याचं पाणी नळाने खाली आणतात, ते रात्रीच्या थंडीत कारंज्यासारखं उडतं आणि खाली पडता पडता गोठून त्याचा शंकू होतो. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतो आणि पेरणीच्या वेळी पाणी देतो. किती साधी आणि सुंदर युक्ती! पण तिलाही कडक थंडीच्या रात्री लागतातच.

हिमालयाचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या 'इसिमोड' ह्या संस्थेने २०१९मध्ये सांगितलं, की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरीही हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचा सुमारे एक-तृतीयांश बर्फ ह्या शतकाअखेर जाईल. नाही रोखली तर दोन-तृतीयांश. आणि २०२४ साल तर आजवर मोजलेल्यांत सर्वांत उष्ण ठरलं. हा धूर झंस्कारच्या बुखाऱ्यांनी केला नाही. वर्षानुवर्षं कोळसा आणि तेल जाळणाऱ्या गिरण्या, गाड्या, वीजघरं यांचा तो हिशेब आहे, आणि त्यात आमच्या टेम्पोंचा, मागांना लागणाऱ्या विजेचा खारीचा वाटा आहेच. माझ्या घरची चूलही त्याच विजेवर आणि मागावर चालते, तेव्हा मी कुणाकडे बोट दाखवू? निदान हिशेब माहीत तरी असावा, म्हणून लिहिते.

जाणार असाल तर

पुष्कळजणींनी विचारलं, म्हणून चार गोष्टी सांगते. आधी आपल्या डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि लेहच्या तीन दिवसांत काटछाट करू नका. डोकं दुखलं, मळमळलं तर लपवू नका. सोसत बसण्याची आपली सवय तिथे जिवावर बेतते. एक जोड कपडे नि दोन जोड मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे राखून ठेवा, काही झालं तरी ते चालताना घालायचे नाहीत. फोनची बॅटरी अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवा. परतीच्या तिकिटात दोन दिवस मोकळे ठेवा. आपला कचरा, अगदी गोळ्यांचे कागददेखील, परत आणा. पैसे भरण्यापूर्वी विचारा, की वाट अर्ध्यावर संपली तरी हमालांना ठरलेली मजुरी पूर्ण मिळणार ना? आणि वाटाड्या 'परत' म्हणाला, की परत फिरा. माझ्यासारखं तोंड वाकडं करू नका!

शाळेत गेले तेव्हा गोठलेल्या धबधब्याचा फोटो नव्हता. मुलांना मी काठी आणि पोकळ बर्फाची गोष्ट सांगितली. ती ऐकून एका मुलीने विचारलं, "बाई, रस्ता झाला म्हणजे त्या मुलांची शाळेत जायची सोय झाली. पण बर्फच नाही पडला तर ती पाणी कुठून आणणार?" मी नोर्फेल आणि वांगचुक यांचं काम फळ्यावर काढून दाखवलं. तिचं तेवढ्याने समाधान झालं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझंही झालेलं नाही.

पुढच्या रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून सासूबाईंबरोबर नेहमीसारखं दूध ऊतू घातलं. हात जोडले तेव्हा अचो-लेचा निरोप आठवणीने सूर्याला सांगितला.